घोड्याचे दात आणि आबांची जन्मतारीख

मागच्या महिन्यात मी एक सेकंडहँड मोटरसायकल घेता घेता वाचलो.

विकणारा म्हणजे मित्राच्या मित्राचा कोणीतरी. गाडी चकाचक, रंग नवाकोरा, काट्यावर अठरा हजार किलोमीटर, किंमतही बरी. मी मनातल्या मनात लोणावळ्याला पोचलोसुद्धा होतो. पण आईची सक्त ताकीद होती, की परळच्या मेकॅनिककाकांना दाखवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. काकांनी काट्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. खाली वाकले, पाय ठेवायच्या रबरावरून अंगठा फिरवला, ब्रेकचं पेडल बघितलं, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघितले आणि उठून हात पुसत म्हणाले, "साठ हजार तरी पळालीय. काटा काय, कुणीही फिरवतो."

घरी येऊन हे सगळं तावातावाने सांगत होतो. आबा (म्हणजे आजोबा) कॉटवर पडून ऐकत होते. त्यांना एकदम हसू फुटलं. "मग दात बघितलं म्हण की गाडीचं!"

आबा मूळचे सातारा जिल्ह्यातले. लालबागेत येऊन सत्तर वर्षं झाली, पण बोलणं अजून गावचंच. बैल घ्यायचा म्हटलं की आधी जबडा उघडायचा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. दुधाचे दात असतील तर 'आदत', दोन पक्के आले की 'दुसा', चार आले की 'चौसा', मग सहादाती, आणि सगळे आले की 'जुळला'. भाव व्हायचा तो नंतर, रुमालाखाली बोटं धरून.

मी विचारलं, "आणि घोडा?"

"घोडा आपल्याला कुठला परवडतोय! ते पाटलाचं काम."

झालं. पुढचे दोन शनिवार-रविवार माझे घोड्याच्या तोंडात गेले. ऑफिसात सोमवारी सगळे ट्रेकचे फोटो दाखवत होते आणि मी दातांच्या आकृत्या.

*

आज मुंबईत घोडा म्हटलं की काय आठवतं? महालक्ष्मीचं रेसकोर्स, वरातीतली बिचारी घोडी, आणि काळा घोडा. त्यातला काळा घोडा तर पुतळाच. सातव्या एडवर्डचा तो मूळ पुतळा १८७९ मध्ये अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता, तो १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. आता चौकात आहे तो २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला घोडा. (निवडणुकीनंतरचा आमदारांचा 'घोडेबाजार' वेगळा. तिथे कोण कुणाचे दात मोजतं ते देव जाणे :-))

पण दीडशे वर्षांपूर्वी हे शहर खरोखर घोड्यांवर चालत होतं. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, ती घोड्यांची. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. भाडं सुरुवातीला तीन आणे. चालवणाऱ्या स्टर्न्स अँड किटरिज कंपनीच्या तबेल्यांत तेव्हा ९०० घोडे होते असं सांगतात. घोड्यांची ट्राम १९०५ पर्यंत चालली. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला. शिवाय व्हिक्टोरिया, मालाच्या गाड्या, शेटजींच्या बग्ग्या, पोलीस, फौज.

एवढे घोडे यायचे कुठून? बसऱ्याहून आणि आखातातल्या इतर बंदरांतून अरबी घोडे गलबतांवर चढून मुंबईला उतरायचे. भेंडीबाजार-भायखळा भागात अरबी घोडेवाल्यांच्या पागा होत्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सहून 'वेलर' जातीचे घोडे यायचे, ते मुख्यतः फौजेसाठी. आणि देशावरून आपली तट्टं.

आजारी जनावरांची सोय झाली ती आमच्या परळला. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकात सुरू झालं आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. लहानपणी रोज त्यावरून बसने जायचो. आत कुत्री-मांजरं असतात एवढंच माहीत होतं. त्या काळात तिथल्या विद्यार्थ्यांसाठी घोडा हा मुख्य विषय असणार, हे कधी डोक्यातच आलं नाही.

तेव्हा घोडा घेणं म्हणजे आजच्या भाषेत सेकंडहँड गाडी घेणं. आणि पहिला प्रश्न तोच, किती पळालीय? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, पण गाडीला जुंपायचा तो चार-पाच वर्षांचा झाल्यावर, आणि पंधराच्या पुढे गेला की त्याच्याकडून जड काम होत नाही. म्हणजे खरी कमाईची वर्षं जेमतेम दहा. आठ वर्षांचा म्हणून घेतला आणि निघाला चौदाचा, तर गिरगावातल्या व्हिक्टोरियावाल्याचं कर्ज फिटायच्या आत घोडा बसणार. श्रीमंताला ती फसवणूक, गरिबाला ते दिवाळं. शिवकाळातला शिलेदार घ्या. बारगिराला घोडा सरकारी मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. म्हणजे त्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं. त्याने जबडा नीट उघडून बघितला नसता तर नवल.

*

आता दात. थोडं तांत्रिक आहे, पण मजा आहे.

घोड्याला पुढचे, म्हणजे पटाशीचे दात वर सहा आणि खाली सहा. (बैलाला वर पुढचे दातच नसतात. आबांना हे विचारलं तर म्हणाले, "एवढं पण ठाऊक न्हाई?") हे सहा म्हणजे तीन जोड्या: मधली, तिच्या दोन्ही बाजूंची, आणि कडेची. दुधाचे दात पडून पक्के येतात ते याच क्रमाने. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, दुसरी साडेतीनला, कडेची साडेचारला. वर येऊन घासायला लागेपर्यंत आणखी सहा महिने. म्हणून तीन, चार, पाच. पाचव्या वर्षी तोंड भरलं. इथपर्यंतचा हिशोब बराचसा पक्का, कारण ही वाढ आहे.

त्याच्यापुढची गोष्ट झिजेची. घोड्याच्या दातांची उंची हिरडीच्या आत खोलवर साठवलेली असते. गवतातली वाळूसारखी कणी आणि माती दात घासत राहते, आणि तो हळूहळू वर सरकत राहतो. पेन्सिलीचं शिस पुढे करत जावं तसं. नव्या दाताच्या माथ्यावर एक काळपट खळगा असतो, भोवती इनॅमलचं कडं. खालच्या मधल्या जोडीचा खळगा सहाव्या वर्षाच्या सुमारास झिजून जातो, दुसऱ्या जोडीचा सातव्या, कडेचा आठव्या. पुढे दाताचा माथा लंबगोल असतो तो गोल होतो, मग त्रिकोणी. तरुणपणी वरचे-खालचे दात समोरासमोर उभे भिडतात, म्हातारपणी चोचीसारखे पुढे येतात. दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसायला लागते, पंधराला ती अर्ध्यावर येते, विसाला टोकाला. सिडनी गॅल्व्हेन नावाच्या घोडेतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही खूण प्रसिद्ध केली, म्हणून तिला गॅल्व्हेनची खाच म्हणतात.

म्हणजे दात हे घोड्याचं लॉग फाइल. रोज थोडं थोडं लिहिलं जातंय, घोड्याच्या नकळत.

हे ज्ञान इंग्रजांबरोबर आलं असं मला वाटत होतं. मग वराहमिहिराची 'बृहत्संहिता' हातात आली. सहाव्या शतकातलं पुस्तक. त्यात घोड्यांवर एक छोटा अध्याय आहे आणि त्यातल्या एका श्लोकात हा अख्खा तक्ता बसवलाय. सहा पांढरे दात असले तर शिंगरू, तेच काळपट-तांबूस झाले की दोन वर्षांचं. मग मधली, दुसरी आणि कडेची जोडी पडून पुन्हा आली की अनुक्रमे तीन, चार, पाच. अगदी आजच्या पुस्तकात आहे तेच! पुढे दातांवरच्या खुणांची यादी: काळी, पिवळी, पांढरी, काचेसारखी, माशीसारखी, शंखासारखी, मग खड्डा पडणं, मग दात हलणं, मग पडणं. प्रत्येक खूण तीन जोड्यांवर क्रमाने फिरते, एका जोडीला एक वर्ष. नऊ त्रिक सत्तावीस, अधिक पाच, बत्तीस. घोड्याचं आयुष्य संपलं.

नऊ खुणा आणि तीन जोड्या, दोन नेस्टेड लूप. बाहेरचा लूप नऊचा, आतला तीनचा, सुरुवात पाचपासून. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी हे कुणीतरी पाठ करून बाजारात जात असणार. रंगांची ती पुढची यादी आजचे पशुवैद्य मानत नाहीत. पण मधल्या जोडीपासून कडेकडे, एकेका वर्षाच्या अंतराने, सहा-सात-आठ, हा सांगाडा आजही तोच आहे. घोड्यांच्या शास्त्राचं नाव शालिहोत्र, त्यावरून घोड्याच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणायचे. ब्रिटिशांच्या घोडदळातही हा शब्द चालायचा.

*

आता जिथे लॉग आहे तिथे लॉगमध्ये खाडाखोड करणारा असणारच.

म्हाताऱ्या घोड्याचा खळगा झिजून गेलाय ना? मग कोरायचा नवीन. दाताच्या माथ्यावर छोटा खड्डा पाडायचा आणि तापलेल्या सळईने किंवा रसायनाने तो काळा करायचा. बारा वर्षांचा घोडा एका दुपारी सात वर्षांचा. इंग्रजीत याला 'बिशपिंग' म्हणतात. बिशप नावाच्या कुणा घोडेविक्यावरून हे नाव पडलं असं मानतात, म्हणजे त्याची कीर्ती अजरामर झाली म्हणायची. म्हातारपणी डोळ्यांच्या वर जे खड्डे पडतात, तिथे सुईने टोचून हवा भरायची हीही एक विलायती युक्ती. पांढरे केस रंगवणं तर काय, आपणही करतो.

उलटी लबाडीही असे. तीन वर्षांचं शिंगरू कामाला चालत नाही, मग त्याचे दुधाचे दात वेळेआधी उपटायचे, म्हणजे पक्के लवकर वर येतात आणि ते चार-पाचाचं म्हणून खपतं. कोवळ्या पाठीवर ओझं लवकर पडतं आणि जनावर लवकर मोडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग जाणकार काय करतो? एका खुणेवर विसंबत नाही. कोरलेल्या खड्ड्याभोवती इनॅमलचं कडं नसतं. आणि ते समजा दिसलं नाही, तरी दाताचा माथा त्रिकोणी आहे, जबडा पुढे आलाय, वरच्या दातावर खाच अर्ध्यापर्यंत उतरलीय, आणि खळगा म्हणतोय सात. चार साक्षीदारांतला एकच वेगळं बोलतोय, म्हणजे तो फुटलेला. आमच्या काकांनी तरी काय केलं? काटा एकीकडे आणि रबर, पेडल, चावीचं भोक दुसरीकडे.

अर्थशास्त्रात यावर एक प्रसिद्ध निबंध आहे, जॉर्ज अकरलॉफ यांचा, १९७० चा. विषय जुन्या गाड्यांचा बाजार. विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा धास्तीने सगळ्यांनाच कमी भाव देतो, त्या भावात चांगला माल विकायला परवडत नाही, आणि बाजारात उरतो भंगार. यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. थोडक्यात, एका बिशपमुळे बाजारातल्या प्रत्येक प्रामाणिक घोडेवाल्याचं नुकसान होतं.

आणि लबाडी नसली तरी दात पूर्ण खरं बोलतातच असं नाही. वाळूत चरणारा घोडा लवकर झिजतो, तबेल्यात मऊ खाणारा उशिरा. काही घोड्यांना लाकूड चावायची खोड असते, त्यांचे दात तर विचारूच नका. जातीजातीतही फरक. १९९० च्या दशकात बेल्जियममधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींचे, जन्मतारीख नक्की माहीत असलेले घोडे तपासले, तर अरबी घोड्यांचे दात इतरांपेक्षा सावकाश झिजतात असं दिसलं. म्हणजे मुंबईच्या पागेत अरबी घोडा काही वेळा मालकाने लबाडी न करताच तरुण दिसत असणार! इंग्लंडमध्येही त्याच सुमारास झालेल्या तपासणीत निघालं, की घोडा म्हातारा होत जातो तसा दातांवरचा अंदाज जास्त जास्त चुकतो. आठ-नऊच्या पुढे जाणकारानेही 'सुमारे' म्हणावं हेच बरं.

*

मग खरं वय कळायचं कसं? उत्तर फार कंटाळवाणं आहे: जन्मला तेव्हा लिहून ठेवायचं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं काम काय, तर विकत आलेला, लढाईत मिळालेला, घरी जन्मलेला, असा प्रत्येक घोडा नोंदवायचा. कुळ, वय, रंग, खुणा, वर्ग आणि आला कुठून. मी वाचता वाचता थांबलोच. हा तर टेबलचा स्कीमा आहे, सहा कॉलम! अकबराने १५७० च्या दशकात डाग आणि चेहरा ही पद्धत आणली. घोड्याला डाग द्यायचा आणि त्याचं वर्णन वहीत लिहायचं, म्हणजे मनसबदारांनी हजेरीच्या दिवशी भाड्याचं तट्टू आणून उभं करू नये.

यात एक गंमत आहे. आपल्याकडे घोडा घेताना दातांइतकेच, कधी कधी जास्तच, भोवरे बघतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे आजही भोवऱ्यांवरून भाव ठरतात. गळ्यावर 'देवमण' असला की किंमत चढली, भलत्या जागी भोवरा असला की उतरली. भोवऱ्यावरून नशीब कळतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण केसांचा भोवरा जन्मभर जागा बदलत नाही, आणि दोन घोड्यांचे सगळे भोवरे सारखे नसतात. म्हणून जगभरात घोड्याच्या ओळखपत्रावर भोवऱ्यांच्या जागा काढलेल्या असतात. म्हणजे भोवरे बघणारे योग्य ठिकाणीच बघत होते, प्रश्न चुकीचा विचारत होते. भोवरा नशीब सांगत नाही, 'हा तोच घोडा' एवढं सांगतो. आणि 'हा तोच' हे नक्की झालं की वहीतलं वय त्याला लावता येतं.

रेसच्या घोड्यांना आता मायक्रोचिप असते, आईबाप डीएनएने तपासलेले असतात. महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी (पहिली १९४३ ची) फक्त चार वर्षांच्या घोड्यांची. तिथे 'सुमारे चार' चालत नाही. पण इथेही एक सोय करून ठेवलीय. हिशोब सोपा व्हावा म्हणून सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. फेब्रुवारीत जन्मला काय नि मेमध्ये काय.

हे वाचून मी मोठ्याने हसलो. कारण आमच्या घरातही एक जण आहे ज्याचा वाढदिवस १ जानेवारी आहे. आबा. आधारकार्डावर.

*

तर हे आमचं खरं दुखणं. आबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते कामावर होते. गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांचा अर्ज आहे आणि गेली काही वर्षं माझ्या सुट्ट्या त्या फायलीमागे जातायत. अडचण अशी, की आबांना तीन वयं आहेत. गिरणीच्या कार्डावर जन्मसाल १९३५. आधारकार्डावर १ जानेवारी १९३७, काकाने कॅम्पात अंदाजाने सांगितलेलं. आणि आबा स्वतः म्हणतात, "स्वातंत्र्य मिळालं तवा मी चौथीत हुतो." एका कार्यालयातले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "यातलं खरं कुठलं?" मी त्या वेळी गप्प बसलो. आबांचं तोंड उघडून दाखवावं असं क्षणभर वाटलं, पण आबांना कवळी आहे!

मग एकदा रात्री आबांनीच सांगितलं. १९५३ साली ते गावाहून आले. अठरा पुरी असल्याशिवाय पूर्ण पाळी आणि पूर्ण पगार नाही. जॉबर म्हणाला, अठरा सांग. गिरणीच्या डॉक्टरने उभं केलं, छाती बघितली, "तोंड उघड" म्हणाला, आणि लिहिलं अठरा. "बैलावानी बघितलं बघ," आबा म्हणाले. खरं वय पंधरा.

मला आधी वाटलं ही आबांची नेहमीची खुलवून सांगायची सवय. पण माणसांच्या पोरांचे दात बघून वय ठरवणं ही काही नवी कल्पना नाही. १८३३ च्या इंग्लंडच्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत बंदी केली, पण जन्मदाखले कुणाकडे होते? १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या लंडनच्या दंतवैद्याने यावर पुस्तिकाच लिहिली, की उंचीवर जाऊ नका, दात बघा. आपल्याकडे १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या, आणि १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आली. इथेही तोच प्रश्न, दाखला नाही. मग डॉक्टरने पोराकडे बघून वय लिहायचं.

आणि आता ते दुधाचे दात उपटलेलं शिंगरू आठवा. आबांच्या बाबतीत दात कुणी उपटले नाहीत, पण पाठीवर ओझं तीन वर्षं आधीच आलं. जॉबरला माणूस हवा होता, गिरणीला हात हवे होते, आबांना पगार हवा होता. त्या खोलीत पंधरा हे वय कुणालाच नको होतं. संप फिसकटल्यावर वॉचमनची नोकरी शोधताना मात्र कार्डावरचं ४७ आडवं आलं. खरे होते ४४ सुद्धा नाही.

मी शेवटी दोन दिवस रजा टाकून गावी गेलो. शाळेची जुनी इमारत पडलीय, पण रजिस्टरं नव्या इमारतीत कपाटात आहेत. मुख्याध्यापकांनी धूळ झटकून एक काढलं. आबांचं नाव, वडिलांचं नाव, आणि जन्मतारीख १ जून १९३८.

१ जून! महाराष्ट्रात तुमच्या ओळखीतही १ जूनवाले निदान पाच-सहा तरी निघतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला सहा पूर्ण हवीत, आईबापांना तारीख आठवत नाही, आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग मास्तर लिहून टाकायचे. शुद्ध डिफॉल्ट व्हॅल्यू. म्हणजे ही तारीखही खरी नाहीच, आबा त्या साली पावसाळ्यात जन्मले का थंडीत, कुणालाच माहीत नाही.

तरी मी त्या पानाची प्रमाणित प्रत घेतली आणि फाइलीला तीच लावली. गेल्या काही दिवसांच्या घोडेवाचनामुळे मला ते कार्यालयात नीट सांगताही आलं. तारीख चुकीची असेल, पण वर्ष त्यातल्या त्यात विश्वासाचं. कारण ते सगळ्यात आधी लिहिलंय, पोरगं समोर उभं असताना, आणि लिहिणाऱ्या मास्तरांना काही विकायचं नव्हतं. आपला कायदाही हाच क्रम लावतो. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ९४ बघा: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. कागद आधी, शरीर शेवटी. हाडंही घोड्याच्या दातांसारखीच, 'सुमारे' सांगतात.

साहेबांनी कागद ठेवून घेतलाय. बघू.

मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया बेकायदा आहेत असा निकाल उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ ला दिला आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. घोड्यांचे हाल बघता ते बरंच झालं. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. त्यांचं वय कसं ओळखायचं ते बॅटरीवाल्यांना विचारावं लागेल. दात बघणारे लोक आता या शहरात फार उरले नसावेत.

मोटरसायकल अजून घेतलेली नाही. काल आणखी एक बघून आलो, काट्यावर बावीस हजार. आबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाय ठेवायचं रबर शोधलं आणि म्हणाले, "रबर नवीन घातलंय की रं."

खरंच की. बाकी सगळी गाडी जुनी आणि रबर तेवढं कोरं. उद्या काकांकडे जाऊन येतो.